मुक्कामाचं भाडं

पत्र : काका, सादर नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा इलेक्ट्रिक पॅनलच्या पत्र्याच्या पेट्या बनवण्याचा कारखाना आहे. बाबांनंतर गेली तीन वर्षं मी बघते. महिन्याला साधारण ४० लाखांचा माल बाहेर पडतो. दोन वर्षांपूर्वी गाडीभाडं महिन्याला दीड-पावणेदोन लाख व्हायचं. आता ते २ लाख ६० हजारांवर गेलंय, आणि माल तेवढाच आहे. चाकणला आठवड्यातून दोनदा १९ फुटी आयशर जाते. तिचं भाडं साडेनऊ हजारांवरून अकरा हजार झालं. कारण विचारलं तर म्हणे डिझेल. भिवंडीला आठवड्याला एक गाडी जाते. इंदूर, नागपूर, कोल्हापूरला सुटा माल पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, पाठवतो, आणि तिथे तर वजनाचा ताळमेळच लागत नाही. पेटी १४ किलोची, बिल ५० किलोचं. तीन ट्रान्सपोर्टर बदलून झाले. आता अ‍ॅपवर गाड्या बघते, पण भरवसा वाटत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, स्वतःचीच आयशर घेऊ. काचेवर ‘सप्तशृंगीमातेचा आशीर्वाद’ लिहायचं इथपर्यंत त्याचं ठरलंय. मी सुरुवात कुठून करू?
– एक कारखानदार, अंबड

ताई,

पत्रासोबत तीन महिन्यांची बिलं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक नुसता वैताग पाठवतात. तुमच्या बिलांच्या पाठीमागे कोणीतरी, बहुधा तुमच्या वॉचमनने, गाडी आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ पेन्सिलने लिहून ठेवलीय. तुम्ही ती पाहिली नसावी, नाहीतर पत्रात तिचा उल्लेख आला असता. मी बिलाची पुढची बाजू नंतर वाचली, आधी मागची वाचली.

चाकणच्या २६ फेऱ्यांपैकी २० गाड्या सकाळी दहा-साडेदहाला तुमच्या गेटातून आत आल्यात आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठच्या मधे बाहेर पडल्यात. आठ-नऊ तास. दीड टन मालासाठी.

मी सातपूरच्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. आडगाव नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात एक म्हातारा मुन्शी बसायचा. त्याच्याशी दोनशे-तीनशे रुपयांवरून दर आठवड्याला माझी घासाघीस चालायची आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. एकदा तो चहा सांगायला बाहेर गेला आणि त्याची लाल कापडी वही टेबलावर उघडीच राहिली. कंपन्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे खूण. काहींपुढे एक टिंब, काहींपुढे दोन. आमच्या नावापुढे ‘मु.’ तो परत आल्यावर विचारलं, एक टिंब म्हणजे काय? म्हणाला, दोन तासांत गाडी मोकळी. दोन टिंबं म्हणजे अर्धा दिवस. आणि मु.? तो हसला. “मुक्काम, साहेब. तुमच्याकडे गाडी लावायची तर ड्रायव्हरला डबा बांधून द्यावा लागतो.” आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या कंपनीला त्याच गावाचं भाडं आमच्यापेक्षा कमी होतं, आणि ते का कमी आहे हे दोन वर्षं मला कळलं नव्हतं.

ताई, तुमच्या नावापुढे कुठल्यातरी वहीत ‘मु.’ लिहिलेलं आहे. वही आता मोबाइलात गेली असेल, एवढाच फरक.

हिशोब करून बघू. अंबड ते चाकण धरा १८० किलोमीटर, जाऊन-येऊन ३६०. आयशर लिटरला सहा देते असं धरलं तर ६० लिटर डिझेल. भाव ९० रुपये धरा, म्हणजे ५,४०० रुपये. टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि वाटेतला किरकोळ खर्च दीड हजार. आता गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, टायरची झीज. गाडी पळो की उभी राहो, यातलं बहुतेक रोज चालूच असतं. ते दिवसाला तीन हजार धरू. फेरी एका दिवसात बसली तर मालकाला खर्च ९,९०० आणि दोन दिवस लागले तर १२,९००. तुम्ही देता अकरा हजार. म्हणजे त्याच भाड्यात तो एखाद्या फेरीला कमावतो आणि एखाद्या फेरीला घालवतो. कधी काय होणार हे तुमचं गेट ठरवतं.

त्याहून मोठी गोष्ट परतीच्या भाड्याची आहे. गाडी दुपारी एक-दीडला अंबडहून निघाली तर सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत रात्री आठ-नऊपर्यंत चाकणला लागते. ड्रायव्हर झोपतो, सकाळी गिऱ्हाइकाच्या गेटवर त्याचा पहिला-दुसरा नंबर असतो. दहा-अकराला गाडी खाली, आणि दुपारच्या आत नाशिककडचं भाडं मिळतं. चाकणहून सातपूर-अंबडकडे वाहन उद्योगाचा माल रोज येतो, त्यामुळे वेळेत मोकळ्या झालेल्या गाडीला तिथे भाडं शोधत फिरावं लागत नाही. तीच गाडी तुमच्याकडून रात्री साडेआठला सुटली तर पहाटे पोचते, ड्रायव्हर पेंगत असतो, रांगेत बारावा नंबर लागतो, दुपारी तीनला खाली होते आणि तोवर परतीचा माल दुसऱ्याने उचललेला असतो. मग रिकामी येते. त्या रिकाम्या फेरीचं डिझेल कोणाच्या बिलात बसणार?

म्हणून ट्रान्सपोर्टरला फोन करण्याआधी हे बघा की गाडी दहाला येते आणि माल साडेसहाला का भरला जातो. माझा अंदाज सांगतो, चुकीचा असेल तर कळवा. पावडर कोटिंगहून, म्हणजे रंगाचा थर चढवून, पेट्या दुपारी तीनला परत येतात, त्यानंतर पॅकिंग, आणि अकाउंटंट बिल पाचनंतर बनवतो. गाडी मात्र सकाळीच बोलावून ठेवायची, कारण ‘असू दे हाताशी’. माल आदल्या संध्याकाळी बांधून गेटजवळ लावा. ई-वे बिलाचा, म्हणजे माल पाठवताना जीएसटीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाचा, भाग-अ आदल्या दिवशीच भरून ठेवता येतो, तो १५ दिवस चालतो. गाडी आली की नंबर टाकून भाग-ब पुरा केला की झालं, पाच मिनिटांचं काम. गाडीला अकराची वेळ द्या आणि एकला सोडा. माल तयार नसेल तर आदल्या रात्रीच फोन करून सांगा की उद्या नको, परवा ये. ट्रान्सपोर्टर चिडणार नाही, उलट जपेल. आणि ड्रायव्हरला बसायला सावली, प्यायला पाणी आणि वापरता येईल असं संडास, एवढं तरी गेटवर असू द्या. ते नसलेल्या कंपन्यांचं भाडं घ्यायला ड्रायव्हर नाखूष असतात, आणि ड्रायव्हर नाखूष असला की मालक दोन-चारशे वाढवूनच सांगतो.

आता डिझेल. तुम्हाला सांगितलेलं कारण आपण मोजूनच बघू. चाकणच्या फेरीला ६० लिटर लागतं. डिझेल लिटरला एक रुपयाने वाढलं तर फेरीमागे ६० रुपये वाढायला हवेत. दीड हजार वाढवायचे तर डिझेल २५ रुपयांनी महागायला हवं होतं. तेवढं महागलेलं नाही. म्हणजे तो खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. तोंडाने डिझेल म्हटलं, मनात दुसरंच असावं. तुमच्या बिलांवर पैसे दिल्याच्या तारखा आहेत, आणि सरासरी ७५ दिवस लागलेत. त्याला पंपावर डिझेल रोखीने भरावं लागतं, फास्टॅग आधीच भरलेला असावा लागतो. त्याने महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले असं धरलं तरी अकरा हजारांवर अडीच महिन्यांचे साडेपाचशे झाले. आणि ते तो बिलात ‘व्याज’ म्हणून कधीच लिहिणार नाही. त्यातून तो उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं कायद्यानेच तुमच्यावर आहे. वर्षअखेरीला ही मुदत उलटून थकलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. सीएला विचारा, तो मान डोलवेल.

तेव्हा त्याच्यासमोर कागद घेऊन बसा आणि दोन गोष्टी लिहून घ्या. एक, आजचा डिझेलचा भाव हा पाया. तो दोन रुपयांपेक्षा जास्त हलला की फेरीमागे ६० लिटरच्या हिशोबाने भाडं वाढेल, आणि उतरला तर कमीही होईल. हा दुसरा भाग बहुतेक लोक लिहून घ्यायला विसरतात. दोन, पोच मिळाल्यापासून २० दिवसांत पैसे. त्या बदल्यात भाडं किती उतरवतो हे त्यालाच विचारा आणि गप्प बसा. मागच्या सहा महिन्यांत तीन ट्रान्सपोर्टर बदललेत हे मात्र त्याला सांगू नका. नाक्यावर सगळ्यांना ते आधीच माहीत असतं, पण आपल्या तोंडून कशाला.

इथवर आपण गाडीच्या वेळेबद्दल बोललो. आता गाडीच्या पोटात काय जातंय ते बघू. माझ्या मते तुमचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातायत.

१९ फुटी आयशरचं पोट साधारण १९ गुणिले ७ गुणिले ७, म्हणजे ९३१ घनफूट. तुमची नेहमीची पेटी २४ बाय ३० बाय १२ इंचांची, म्हणजे बरोबर पाच घनफूट. चलनांवर बघितलं तर गाडीत सरासरी ११० पेट्या जातात. साडेपाचशे घनफूट माल झाला. उरलेली जवळजवळ ३८० घनफूट हवा तुम्ही आठवड्यातून दोनदा चाकणला नेऊन सोडताय. वजनाचं तर बोलायलाच नको, सात टनांच्या गाडीत दीड टन.

पॅकिंगवाल्या मुलांना विचारलं तर ते सांगतील की पेटीवर पेटी ठेवली की दाराला पोचा पडतो, पावडर कोटिंग खरचटतं, माल परत येतो. बरोबर आहे त्यांचं. पण त्यासाठी वरची अर्धी गाडी मोकळी सोडायची नसते. कोपऱ्यांना फोम, मधे फळीचा आडवा थर, आणि पाच इंच उंचीच्या जाड लाकडी पॅलेटऐवजी पातळ पट्ट्या. आणि दुसरं म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले डबे आठवा. लग्नात मिळालेला सात डब्यांचा संच माळ्यावर आपण एकात एक घालूनच ठेवतो ना? तुमच्याकडे लहान-मोठ्या पाच मापांच्या पेट्या आहेत. लहान पेटी मोठीच्या पोटात, मधे फोमचा कागद. ज्या गिऱ्हाइकाला आत वायरिंगची प्लेट बसवायला दार काढावंच लागतं, त्याला विचारून दारं वेगळी रचून पाठवता येतात का तेही बघा.

याने गाडीत ११० ऐवजी १५० पेट्या बसल्या असं धरा. हे मी हात राखूनच सांगतोय. तुमच्या तीन महिन्यांच्या २६ फेऱ्यांचा माल १९-२० फेऱ्यांत जातो. सहा फेऱ्या वाचल्या तरी ६६ हजार, म्हणजे महिन्याला २२ हजार. कोणाशी भांडण नाही, कोणाचा दर पाडणं नाही. तुमच्या डोक्यात ३२ फुटी कंटेनर गाडीचा विचार येईल, तिचं पोट दोन हजार घनफुटांच्या वर असतं आणि भाडं दुप्पट नसतं. पण तुमच्या गल्लीत ती वळेल का, चाकणच्या गिऱ्हाइकाच्या गेटात शिरेल का, आणि त्याला आठवड्याचा माल एकदम हवाय का, हे आधी बघा. मला शंका आहे.

पार्ट लोडचं गणितही हवेचंच आहे. पेटी १४ किलोची आणि बिल ५० किलोचं, हे तुम्हाला लूट वाटलं. लूट नाही, सूत्र आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणायची, १७२८ ने भागायचं, घनफूट निघतात. तुमचे आले पाच. एक घनफूट म्हणजे १० किलो, असं तुमच्या दरपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय. पाच गुणिले दहा, पन्नास. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्यावर भाडं. सगळे तसंच लावतात, कारण हलका आणि फुगीर माल त्यांच्या गाडीची जागा खातो. पण तो दहाचा आकडा देवाने दिलेला नाही. आठ असतो, सात असतो, माल नेहमीचा असेल तर त्याखालीही येतो. तुम्ही आजवर किलोचा दर नऊचा साडेआठ करायला भांडत होतात, त्यात पेटीमागे २५ रुपये वाचतात. दहाचा सात करून घ्या. ५० किलोचे ३५ होतात, आणि नऊच्याच दराने ४५० चे ३१५ होतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. इंदूरच्या एकाच गिऱ्हाइकाला नऊ दिवसांत चार वेळा माल गेलाय. चार बिल्ट्या, म्हणजे माल बुक केल्याच्या चार पावत्या, चार वेळा किमान वजनाचं भाडं, चार वेळा दारपोचचे पैसे. त्याला साधा फोन करा की इंदूरचा माल आमच्याकडून दर गुरुवारी निघतो. तो बुधवारपर्यंत ऑर्डर द्यायला लागेल. लोकांना वार लावून दिला की ते आठवडे बाजारासारखे सवयीचे होतात. आणि ज्याला चार पेट्या उद्याच हव्यात, त्याला भाडं वेगळं लावा. तुमच्या सगळ्या कोटेशनांत भाडं पेटीच्या किमतीत मिसळलेलं आहे. त्यामुळे जवळचं, गाडीभर घेणारं गिऱ्हाईक दूरच्या घाईवाल्याचं भाडं भरतंय. पुढच्या महिन्यात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे विक्री आणि त्याच्यावर गेलेलं भाडं शेजारी-शेजारी लिहून काढा. दोन-तीन नावं बघून तुम्ही कपाळाला हात लावाल.

भिवंडीचं मला थोडं वेगळं सुचतंय. तुमचा पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येतो, ‘पोच भाव’ म्हणून. म्हणजे येणारं भाडंही तुम्हीच देताय, फक्त ते पत्र्याच्या किमतीत दडलंय. एकदा भाव वेगळा आणि भाडं वेगळं असं मागून बघा. पत्र्याची गाडी वजनाने भरलेली येते आणि तुमच्याकडे खाली होऊन रिकामी कळंबोलीकडे वळते, कसारा घाट उतरून, भिवंडीच्या अंगावरून. तुमचा भिवंडीचा माल हलका. येताना जड, जाताना फुगीर, याहून चांगली जोडी मिळायची नाही. त्या गाडीवाल्याला भिवंडीपर्यंतचं जे मिळेल ते वरकमाईच आहे, त्यामुळे आजच्या भाड्याच्या बऱ्याच खाली तो तयार होईल. मात्र ती गाडी उघडी असते. ताडपत्री कितीही बांधली तरी जून ते सप्टेंबर इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात पावडर कोटिंगचा माल तिच्यावर टाकू नका. ते चार महिने बंद गाडीच. बंद गाडी जाणार असेल तर समृद्धीचाही विचार करा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळून थेट भिवंडीजवळ उतरता येतं. टोल जास्त, वेळ आणि ब्रेक-क्लचची झीज कमी. भिवंडीत सकाळच्या वेळेत माल उतरवायचा असेल तर परवडतं, नाहीतर जुना रस्ता बरा आहे.

पत्र्याच्या गाडीबद्दल एक ताकीद. ‘एकाच खेपेत दोन टन जास्त टाकतो, भाडं वाचेल’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली, त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. तिच्यावर गेलात तर दंड २० हजार, शिवाय जादा टनामागे दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. हा दंड ड्रायव्हरपुरता नाही, गाडी तशी चालवायला लावणाऱ्यापर्यंतही कायदा पोचतो.

भिवंडीच्या बिलांवर दरवेळी पाचशे-सातशे रुपये ‘वाराई’, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, लावलेली दिसते. नाशिकपासून मुंबईपर्यंतचं हे जुनं भांडण आहे. ट्रकवाले म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल, आणि मला ते पटतं. गिऱ्हाइकाच्या गोदामातली उतराई गिऱ्हाइकाने द्यावी. पण ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसेल तर तिथे ड्रायव्हर अडतो, गाडी अडते, आणि शेवटी पैसे तुम्हीच देता. ऑर्डर घेतानाच एक ओळ टाका.

हंगामाचं तुम्हाला मी काय सांगणार, नाशिककरच आहात. तरी तुमच्या बिलांत फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदूरची पूर्ण गाडी दोनदा घेतलेली दिसली, नेहमीपेक्षा पाच-सहा हजार जास्त देऊन. तेव्हा द्राक्षाची धांदल असते, मागोमाग उन्हाळ कांदा येतो, लासलगाव-पिंपळगावहून उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी कांद्याला हवी असते. व्यापारी गाडीमागे जे मोजायला तयार असतो ते तुम्ही पेट्यांसाठी मोजू नये. त्या महिन्यांचा उत्तरेकडचा माल जानेवारीत काढता आला तर काढा, नाहीतर पार्ट लोडने जाऊ द्या. होळीला आणि दिवाळीला ड्रायव्हर गावी जातात, तेव्हाही तेच. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत शहरातून आणि शहराभोवती जड वाहनांचं काय होतं हे २०१५ मध्ये आपण पाहिलंय. चाकणच्या गिऱ्हाइकाकडे तेव्हा दोन आठवड्यांचा माल आधीच पोचलेला असला पाहिजे, एवढं आतापासून मनात ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टर स्वतः जीएसटी लावत नसेल तर त्याच्या भाड्यावर पाच टक्के तुम्ही भरता. पण ते तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतात. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात ते खर्चात धरलेत, म्हणजे अकाउंटंट क्रेडिट घेतोय की नाही ते एकदा तपासा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. गाडी वाटेत बिघडली आणि मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते. हे ट्रान्सपोर्टरच्या पोराला माहीत असतं, पण तुमच्याही माणसाला माहीत असू द्या.

विमा मात्र थोडक्यात सोडता येत नाही. पार्ट लोडच्या बिल्टीवर तुम्ही मालाची किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर माल हरवला किंवा मोडला तरी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. नऊशे रुपये भाड्यावर साठ हजारांच्या पेट्या गेल्या तर हातात नऊ हजार. तेही बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली तरच. वर्षभर पाठवलेल्या सगळ्या मालाला लागू होणारी ओपन पॉलिसी घ्या. भाडं कमी करायच्या नादात पहिली कात्री लोक नेमकी इथेच लावतात.

अ‍ॅपबद्दल विचारलंत. भाव कळायला उत्तम आहे. महिन्यातून एकदा चाकण-भिवंडीचा दर तिथे बघून ठेवा, म्हणजे आपला ट्रान्सपोर्टर कुठे उभा आहे ते समजतं. अडीअडचणीला एखादी गाडीही घ्या, पण नंबर सरकारी एमपरिवहनवर टाकून विमा आणि फिटनेस चालू आहे का बघूनच गेटात घ्या. रोजच्या फेऱ्यांना मात्र ओळखीचाच माणूस ठेवा. पावसात गाडी आळेफाट्याला बंद पडली तर रात्री अकराला फोन उचलणारा कोणीतरी हवा. दोन ट्रान्सपोर्टर असू द्या, चाकणचे दोन-तृतीयांश एकाला, बाकी दुसऱ्याला. चौथा शोधू नका.

आता भाऊ. त्याच्या उत्साहाला मी नाही म्हणणार नाही, पण आयशर नको. तुमच्या चाकण-भिवंडीच्या महिन्याला १३ फेऱ्या, पॅकिंग सुधारलं तर दहा-अकरा. उरलेले दिवस गाडी तुमच्या दारात उभी राहून रोजचे तीन हजार खाईल. चाकणहून परतीचं भाडं तुम्हाला मिळणार नाही, कारण ते मिळवायला तिथे चार ऑफिसांत उठबस लागते. आणि होळीला ड्रायव्हर गावी गेला की तुमचा भाऊ स्टेअरिंगवर बसेल, आणि कारखान्यातला एक माणूस कमी होईल. तुम्हाला पत्रा कळतो, ट्रान्सपोर्टवाल्याला टायर कळतात.

पण तुमच्याच बिलांत मला एक दुसरी गाडी दिसते. अंबड ते सातपूर पावडर कोटिंगला, मधूनच सिन्नरला, रोजचा भाड्याचा टेम्पो, महिन्याला ४५ हजार. हे अंतर छोटं, फेरी रोजची, आणि जाताना कच्च्या पेट्या, येताना रंगवलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी भरलेली. शिवाय कोटिंगचा माल दुपारी तीनऐवजी सकाळी अकराला आणायचा की नाही हे मग टेम्पोवाला ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल. चाकणच्या गाडीचा मुक्काम सुटायला तेच हवंय. फेऱ्यांची वही तीन महिने ठेवा, आकडे जुळले तर चांगल्या अवस्थेतला जुना छोटा हत्ती किंवा पिकअप बघा. पेटीच्या मापाने पिकअपच बरी पडेल, जाताना टेप घेऊन जा.

आणि भावाला सांगा, सप्तशृंगीमातेचा आशीर्वाद पिकअपच्या काचेवरही मावतो, फक्त अक्षरं जरा लहान काढावी लागतील.